डोळा लाल झालाय: रक्त पांढऱ्यावर की बुबुळासमोर?

सकाळी मूल उठतं आणि डोळ्याचा पांढरा भाग कोपऱ्यापासून लालभडक झालेला दिसतो. त्याला हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा विकार, असेल तर आईच्या काळजात धस्स होतं. पण हे रक्त पांढऱ्यावरच्या पातळ, पारदर्शक पडद्याखाली असतं. जोराचा खोकला, उलटी, कुंथणं, डोळा चोळणं, एवढंही त्याला पुरतं. दुखत नाही, नजर स्वच्छ असते, लाली बुबुळाच्या कडेशी थांबते आणि एक ते तीन आठवड्यांत पिवळट होत विरते. रक्तविकारतज्ज्ञांना कळवावंच, पण धावपळ नको.

दुसरा रक्तस्राव दिसायला किरकोळ, म्हणून फसवा. चेंडू किंवा कोपर डोळ्यावर बसतं आणि रक्त आत, कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग) व बुबुळ यांच्यामधल्या पाण्यात उतरतं. हा हायफीमा. मूल बसलेलं असेल तर रक्त तळाला साचून आडवी रेघ दिसते, ग्लासात गाळ बसावा तशी. आडवं झालं की रेघ मोडते. काळ्याभोर डोळ्यांत ते चटकन कळतच नाही, बॅटरीचा उजेड बाजूने टाकावा लागतो. अगदी थोडं असेल तर स्लिट लॅम्पच, म्हणजे नेत्रतज्ज्ञांकडचं डोळे तपासायचं यंत्रच, हवा. म्हणून रंगापेक्षा मुलाच्या तक्रारीकडे लक्ष द्या: धूसर दिसतंय, उजेड सहन होत नाही, दुखतंय. बोलता न येणारं मूल डोळा मिटून घेतं, पेंगतं, उलटी करतं. पेंग आणि उलटी डोक्यात रक्तस्राव झाल्याचीही खूण असू शकते, तेव्हा डोळ्यावरच अडकू नका.

बुबुळासमोरच्या या रक्ताने पाणी निचरा होण्याची बारीक जाळी तुंबते, डोळ्यातला दाब चढतो आणि नजरेच्या नसेला इजा होऊ शकते. शिवाय 2 ते 5 दिवसांत गुठळी आकसते, तेव्हा पुन्हा रक्त येण्याचा धोका असतो, आणि ते पहिल्यापेक्षा जास्तही असू शकतं. हिमोफिलियात फॅक्टर 8 किंवा 9 (रक्त गोठवणारी प्रथिनं) कमी असल्याने गुठळी मुळातच कच्ची. त्यामुळे फॅक्टरचं इंजेक्शन आधी, तपासण्या नंतर. पुढचे दिवस पातळी किती टिकवायची हे तज्ज्ञ ठरवतील. तोवर डोकं उंच ठेवून विश्रांती, डोळ्यावर कडक कवच. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन नको.

लाली साधी वाटली तरी मार लागलेला असेल, लालीची मागची कड दिसत नसेल, डोळा पुढे आलेला असेल किंवा एकाचे दोन दिसत असतील, तर रक्त डोळ्यामागे असू शकतं. तिथे तासांचा प्रश्न असतो.

निदान न झालेल्या मुलामुलींत कारणाशिवाय डोळा वारंवार असा लाल होत असेल, सोबत घोळणा फुटत असेल, अंगावर निळे डाग उठत असतील, तर रक्त गोठण्याची तपासणी करून घ्या. व्हॉन विलेब्रँड हा रक्त गोठण्याचाच आणखी एक विकार मुलींनाही होतो आणि कित्येकदा असाच लक्षात येतो.