कुक इनलेटचे बेलुगा : टॅगपासून फोटोपर्यंत

अलास्कातल्या कुक इनलेट या खाडीत बेलुगांची, म्हणजे पांढऱ्या छोट्या देवमाशांची, गणना विमानातून होत आली आहे. १९७९ मध्ये त्यांची संख्या सुमारे १,३०० मानली गेली होती. १९९४ ते १९९८ या चारच वर्षांत अंदाज ६५३ वरून ३४७ वर आला. १९९९ पासून शिकार जवळजवळ थांबली, पण कळप काही सावरला नाही. कारण शोधायचे तर कोण जगले, कोणाला पिल्लू झाले, हे कळायला हवे, आणि ते विमानातून कळत नाही.

त्या वेळी हाताशी होता तो उपग्रह टॅग, म्हणजे प्राण्याच्या अंगावर बसवायचे, उपग्रहामार्फत त्याचा ठावठिकाणा कळवणारे यंत्र. १९९९ ते २००२ या काळात उथळ पाण्यात जाळी लावून वीसच्या आसपास बेलुगा पकडले गेले. बेलुगाच्या पाठीवर पर नसतो, नुसता टणक उंचवटा असतो. त्या उंचवट्यातून पिना आरपार घालून टॅग बसवले. त्यातून एक मोलाची गोष्ट कळली : हिवाळ्यात बर्फ साचले तरी हे बेलुगा खाडी सोडून जात नाहीत. २००८ मध्ये त्यांचा समावेश धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत झाला आणि २०११ मध्ये त्यांचा अधिवास संरक्षित ठरला, तेव्हा ही माहिती उपयोगी पडली.

मात्र काही टॅगचे संदेश लावल्यानंतर लवकरच बंद पडले. टॅग निकामी झाला की प्राणी मेला, हा वाद तेव्हापासूनचा. टॅगच्या बाजूने बोलणारे म्हणतात, थोडा धोका पत्करल्याशिवाय हिवाळ्याचे कोडे सुटलेच नसते. ते खरेही आहे. पण तीन-साडेतीनशे उरलेल्या कळपात ‘थोडा धोका’ म्हणजे नेमका किती, याचा हिशेब आधी मांडायला हवा होता.

या वादात भर पडली ती फोटोंमुळे. २००५ पासून इथे बोटीतून आणि किनाऱ्यावरून फोटो काढून बेलुगा ओळखण्याचे काम सुरू झाले. कॅनडाच्या सेंट लॉरेन्स नदीच्या मुखाशी हे १९८०च्या दशकापासूनच चालू होते. कुक इनलेटचे पाणी हिमनद्यांच्या गाळाने गढूळ, त्यामुळे वर आलेली पाठ तेवढीच दिसते. दरवर्षी कात निघते, वरवरचे डाग पुसले जातात. टिकतात ते खोल व्रण. आणि सगळ्यांत ठळक व्रण निघाले टॅगचेच. काहींचे व्रण नीट भरले होते, काहींचे वर्षानुवर्षे चिघळल्यासारखे दिसत. टॅग लागलेल्या काही माद्या पुढे पिल्लांसह दिसल्या, म्हणजे सरसकट दोष देण्याचीही सोय नाही.

फोटोंचीही अडचण आहेच. डावी आणि उजवी बाजू वेगळी, म्हणून दोन संग्रह. एकाच प्राण्याच्या दोन्ही बाजू जुळल्या नाहीत, तर तो दोन्हीकडे स्वतंत्र नोंदला जातो. दोन्ही संग्रहांची बेरीज करून ‘एकूण बेलुगा’ सांगणे ही सरळ चूक. करड्या पिल्लांवर व्रण फारसे नसतात, ती नोंदीतून निसटतात.

२०१६ पासून त्वचेचे नमुने घेऊन लिंग आणि वय काढणे सुरू झाले, मग ड्रोन आले. २०२२ चा अंदाज ३३१ आहे. हिवाळ्यातल्या हालचालींसाठी पुन्हा टॅग लावावेत का, हा प्रश्न मात्र अधूनमधून डोके वर काढतो आणि दर वेळी जुने व्रण पुढे केले जातात.