गीतेवर हात ठेवल्याशिवाय साक्ष होत नाही?

धुऱ्याच्या भांडणात तारीख लागली की गावात हमखास ऐकू येतं: गीतेवर हात ठेवल्याशिवाय कोर्ट साक्ष धरत नाही. वर्षानुवर्षं सिनेमात तेच पाहिल्यावर तसं वाटणारच.

१९६९ च्या शपथ कायद्यात मात्र कोणताच ग्रंथ नाही. अनुसूचीत फक्त मजकूर आहे: ईश्वराच्या नावाने शपथ घ्या, नाहीतर गांभीर्याने प्रतिज्ञा करा. आपल्या समाजाच्या रीतीने घ्यायची असेल तर कोर्ट परवानगी देऊ शकतं, सक्ती नाही. कलम ७ तर म्हणतं, शपथ राहून गेली तरी तेवढ्याने साक्ष बाद होत नाही.

तालुक्याच्या कोर्टात मागच्या बाकावर बसून पाहा, सुनावणी सहसा खुलीच असते. पिंजऱ्यातला म्हातारा टोपी सावरतो, सांगितलेली शपथ मागून म्हणतो, की लगेच वकिलाचा पहिला प्रश्न: नाव काय, वय काय?