बंद केलेली विंडो पुन्हा त्याच जागी: सेटिंग्ज जपण्यामागची पार्श्वभूमी

विंडो कुठे होती हे लक्षात ठेवायला चार आकडे पुरतात, असं प्रोग्रॅम लिहायला बसणाऱ्या प्रत्येकाला सुरुवातीला वाटतं. डावी कड, वरची कड, रुंदी, उंची. प्रोग्रॅम बंद होताना ते कुठेतरी लिहून ठेवायचे आणि पुढच्या वेळी वाचायचे. पण 'कुठेतरी' म्हणजे नेमकं कुठे? आणि हे आकडे कोणाचे: संगणकाचे, माणसाचे की समोरच्या स्क्रीनचे? डेस्कटॉपच्या चाळीस वर्षांत या दोन प्रश्नांची उत्तरं वारंवार बदलली.

सेटिंग्ज मात्र विंडोपेक्षा जुन्या. 1960 च्या दशकात एमआयटीतल्या सीटीएसएस या प्रणालीवर नेहमीच्या आज्ञा एका फाइलमध्ये लिहून एकदम चालवण्याची सोय होती. तिचं नाव 'रनकॉम'. आजही युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कितीतरी सेटिंग फाइलींच्या नावाशेवटी 'आरसी' ही अक्षरं येतात, ती त्यातूनच आली. या फाइलींच्या नावाआधी टिंब का असतं, याची हकीकत युनिक्सवर काम केलेले रॉब पाइक यांनी 2012 मध्ये सांगितली होती. फोल्डरची यादी दाखवताना 'एक टिंब' आणि 'दोन टिंबं' या दोन खास नोंदी वगळायच्या होत्या. लिहिणाऱ्याने पूर्ण नाव न तपासता फक्त पहिलं अक्षर तपासलं, आणि टिंबाने सुरू होणारी प्रत्येक फाइल यादीतून गायब झाली. ही पळवाट लोकांनी उचलली आणि आपल्या आवडीनिवडी अशा लपलेल्या फाइलींत ठेवायला सुरुवात केली. एक गोष्ट मात्र तेव्हाच नीट जमली होती: फाइल वापरणाऱ्याच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्ये असायची. एकाच संगणकावर अनेकजण काम करायचे, त्यामुळे 'हे सेटिंग कोणाचं' याचं उत्तर उघड होतं.

झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रातल्या स्मॉलटॉक या प्रोग्रॅमिंग प्रणालीने 1970 च्या दशकात अगदी वेगळी वाट धरली. तिथे वेगळ्या सेटिंग्ज अशा लिहाव्याच लागत नसत. चालू असलेलं सगळं जग, त्यातल्या उघड्या विंडोंसकट, एका 'इमेज'मध्ये जसंच्या तसं डिस्कवर उतरवलं जाई आणि पुढच्या वेळी तिथूनच काम सुरू होई. मला आजही ही कल्पना सर्वांत प्रामाणिक वाटते. पण ती सगळ्या प्रोग्रॅमना एकत्र बांधून ठेवते, आणि पुढचं डेस्कटॉप जग सुट्या प्रोग्रॅमचं झालं.

1984 च्या मॅकिंटॉशमध्ये बॅटरीवर जपली जाणारी 20 बाइटची छोटी मेमरी होती. आवाज किती मोठा, माउसची दोन क्लिक किती अंतराने आली तर ती डबल क्लिक धरायची, असल्या बाबी त्यात राहत. फोल्डरच्या विंडोची जागा मात्र डिस्कवर लिहिली जाई. 1985 च्या एचएफएस या फाइल सिस्टिममध्ये तर प्रत्येक फोल्डरच्या नोंदीतच त्याच्या विंडोचा आयत नोंदवलेला असे. म्हणजे फ्लॉपी दुसऱ्या मॅकमध्ये घातली, तरी फोल्डर त्याच जागी, त्याच आकारात उघडे. इथे आकडे ना माणसाचे होते ना संगणकाचे, ते त्या वस्तूचे होते. या विचाराचा वारसा मॅक ओएस एक्समध्ये 'डीएस स्टोअर' या लपलेल्या फाइलीच्या रूपाने उरला आहे. मॅकवरून सामायिक ड्राइव्ह उघडला की इतरांच्या फोल्डरमध्ये जी अनोळखी फाइल दिसू लागते, तिचा उगम हा.

विंडोजने 1985 मध्ये पहिल्या आवृत्तीपासून 'विन डॉट आयएनआय' ही साधी मजकूर फाइल वापरली. चौकटी कंसात विभागाचं नाव, खाली 'नाव बरोबर किंमत' अशा ओळी. कोणीही नोटपॅडमध्ये उघडून वाचू शकेल, दुरुस्त करू शकेल. या साधेपणाचं मोल मला फार वाटतं. अडचण अशी झाली की प्रत्येक प्रोग्रॅम आपलं बिऱ्हाड त्याच एका फाइलीत मांडू लागला. प्रोग्रॅम काढून टाकला तरी त्याच्या ओळी तशाच मागे राहत, आणि फाइलीला 64 केबीची मर्यादा होती. 1990 च्या विंडोज 3.0 च्या सुमारास प्रत्येक प्रोग्रॅमने स्वतःची वेगळी आयएनआय फाइल ठेवण्याची पद्धत रुळली.

त्या काळच्या प्रोग्रॅम मॅनेजरच्या आयएनआय फाइलीत 'विंडो' नावाची एक ओळ असे आणि तिच्यापुढे पाच आकडे. चार कडांचे, पाचवा विंडो साधी आहे, मोठी केलेली आहे की खाली ठेवलेली आहे हे सांगणारा. चारांचे पाच का झाले, हे समजून घेण्यासारखं आहे. पूर्ण स्क्रीनभर मोठी केलेली विंडो बंद केली आणि प्रोग्रॅमने त्या क्षणाचा आकार भाबडेपणाने लिहून ठेवला, तर पुढच्या वेळी 'पूर्ववत' करणारं बटण दाबून काहीच बदलत नाही, कारण मूळ आकार पुसला गेलेला असतो. खाली ठेवलेल्या विंडोचं प्रकरण याहून वाईट. पुढच्या काळातलं, टास्कबार असलेलं विंडोज तिला उणे 32,000 अशा, स्क्रीनबाहेरच्या जागी नेऊन ठेवतं. तो आकडा जपला गेला तर प्रोग्रॅम सुरू होतो, टास्कबारवर दिसतो, पण विंडो कुठेच नसते. विंडोज 3.1 पासून आलेलं 'गेट विंडो प्लेसमेंट' हे फंक्शन अशा वेळी कामी येतं. विंडो सध्या कोणत्याही अवस्थेत असो, तिचा नेहमीचा आयत ते वेगळा सांगतं. त्याच 3.1 मध्ये 'बाहेर पडताना सेटिंग्ज जपा' हा पर्याय मेनूत होता. आठवण ठेवायची की नाही, हे वापरणाऱ्याला ठरवता येत होतं. पुढे बहुतेक प्रोग्रॅमांनी हा प्रश्न विचारणंच सोडलं.

1993 च्या विंडोज एनटीने आणि मग विंडोज 95 ने आयएनआय फाइलींऐवजी रजिस्ट्री, म्हणजे सगळ्या सेटिंग्जचा एकत्र साठा, आणली. तिच्यावर टीका पुष्कळ झाली, आणि एकच फाइल बिघडली की सगळंच अडतं ही तक्रार खरीही होती. पण तिने एक महत्त्वाचं काम केलं: संगणकाच्या सेटिंग्ज आणि चालू युजरच्या सेटिंग्ज यांची मुळातच वेगवेगळी दालनं केली. जुने प्रोग्रॅम आयएनआयमध्ये लिहायला गेले तर एनटी त्या नोंदी गुपचूप रजिस्ट्रीत वळवू शकत असे. व्हिज्युअल बेसिक 4 या प्रोग्रॅमिंग भाषेत 'सेव्ह सेटिंग' आणि 'गेट सेटिंग' या दोन आज्ञा आल्या आणि एका ओळीत विंडोची जागा जपता येऊ लागली. पुढे प्रोग्रॅम लिहिण्याच्या प्रत्येक साधनाने आपापली सोय केली: क्यूटीने 'क्यूसेटिंग्ज', जावाने 1.4 मध्ये प्रेफरन्सेस, डॉटनेटने 2.0 मध्ये युजर सेटिंग्ज. डॉटनेटची फाइल प्रोग्रॅमच्या आवृत्तीच्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये पडते. त्यामुळे नवी आवृत्ती आली की प्रोग्रॅमला काहीच आठवत नाही, जुन्या सेटिंग्ज पुढे आणायला 'अपग्रेड' हे फंक्शन मुद्दाम बोलवावं लागतं. ते विसरलेले प्रोग्रॅम अजूनही भेटतात.

युजरचा प्रश्न सुटतो आहे तोच स्क्रीनचा उभा राहिला. कचेऱ्यांत युजरचं प्रोफाइल नेटवर्कवरून त्याच्यामागे फिरू लागलं, कुठल्याही संगणकावर बसलं तरी आपल्याच सेटिंग्ज. शब्दकोश, फाँट, टूलबार मागे आले तर बरंच. पण विंडोची जागा का यावी? ती तर मूळ संगणकाच्या मॉनिटरला मोजून ठरलेली. विंडोज विस्टाने युजरच्या फोल्डरमध्ये 'रोमिंग' आणि 'लोकल' असे दोन कप्पे ठळक केले ते याचसाठी. विंडोज 98 पासून एकापेक्षा जास्त मॉनिटर जोडता येऊ लागल्यावर तर गुंता वाढला. दुसऱ्या मॉनिटरवर ठेवलेली विंडो, मग केबल काढून लॅपटॉप घेऊन माणूस निघाला, की ती विंडो रिकाम्या पोकळीत उघडायची. ऑल्ट आणि स्पेस, मग एम, मग बाणाची कळ: हरवलेली विंडो ओढून आणण्याची ही युक्ती अनेकांना पाठ आहे.

यावरचं मॅकचं उत्तर मला सर्वांत समंजस वाटतं. कोको या मॅकवर प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनात विंडोला एक नाव दिलं की प्रणाली तिची जागा आणि आकार आपोआप जपते, आणि जपताना आठ आकडे लिहिते. चार विंडोचे, चार त्या वेळच्या स्क्रीनचे. स्क्रीन बदलला आहे हे वाचतानाच कळतं. क्यूटीनेही 4.2 मध्ये 'सेव्ह जिऑमेट्री' देऊन स्क्रीनचा क्रमांक सोबत ठेवायला सुरुवात केली. त्याआधी लिनक्सवर एक जुनं दुखणं होतं: विंडोची चौकट वेगळाच प्रोग्रॅम काढतो, त्यामुळे जपताना चौकटीच्या आतली जागा आणि उघडताना बाहेरची जागा धरली गेली की दर वेळी विंडो शीर्षकपट्टीएवढी खाली सरकायची.

2011 मध्ये मॅक ओएस एक्स 10.7 ने बंद केलेल्या प्रोग्रॅमच्या सगळ्या विंडो, त्यातल्या मजकुराच्या निवडीपर्यंत, परत आणायला सुरुवात केली. त्यासाठी 'सेव्हड ॲप्लिकेशन स्टेट' नावाचा फोल्डर प्रेफरन्सेसच्या फोल्डरपासून वेगळा ठेवला. माणसाने विचार करून निवडलेली गोष्ट ही पसंती, आणि काम करता करता जिथे सोडली ती अवस्था, हा भेद यात स्पष्ट दिसतो. लिनक्सकडच्या, कोणती फाइल कुठे ठेवायची हे सांगणाऱ्या एक्सडीजी नियमावलीत सेटिंग्जसाठी 'कॉन्फिग' फोल्डर फार आधीपासून होता, अवस्थेसाठी 'स्टेट' हा वेगळा फोल्डर मात्र 2021 मध्ये, 0.8 आवृत्तीत आला. माझ्या मते हे विभाजन वीस वर्षं आधी व्हायला हवं होतं. पसंतीची फाइल माणूस जपून दुसऱ्या संगणकावर नेतो. तिच्यात विंडोचे आकडे मिसळलेले असले की प्रत्येक वेळी विंडो हलवल्यावर ती फाइल बदललेली दिसते.

2021 च्याच विंडोज 11 ने मॉनिटर काढून पुन्हा जोडल्यावर विंडो आपापल्या जागी परत नेण्याचं काम प्रणालीकडे घेतलं. क्रिस्टियान होग्सबर्ग यांनी 2008 मध्ये सुरू केलेला वेलँड, म्हणजे लिनक्सवर विंडो स्क्रीनवर दाखवण्याची व्यवस्था, तर याहून पुढे गेला आहे. तिथे प्रोग्रॅमला आपली विंडो स्क्रीनवर कुठे आहे हे सांगितलंच जात नाही, आणि ती अमुक जागी ठेव असं त्याला म्हणताही येत नाही. जागा ठरवणं हे कंपोझिटरचं, म्हणजे सगळ्या विंडो एकत्र करून स्क्रीनवर मांडणाऱ्या प्रोग्रॅमचं काम. त्या चार आकड्यांपैकी रुंदी आणि उंची एवढीच प्रोग्रॅमच्या हाती उरली आहे.