आतड्याच्या रक्तवाहिन्यांतील स्टेंट आणि 'तिन्हींपैकी दोन'चा नियम

रक्तपुरवठा तुटल्याने आतडे सडून दगावलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांना त्याआधी दीर्घकाळ पोटदुखी होती, हे 1936 मध्येच नोंदले गेले होते. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात पोट उघडून रक्तवाहिनीतील अडथळा खरवडून काढण्यास सुरुवात झाली आणि पुढे बायपास रूढ झाला. उपाय टिकाऊ होता, पण जेवले की पोट दुखते म्हणून जेवणाच्याच धास्तीने खंगलेल्या आणि बहुधा हृदयविकारही जडलेल्या रुग्णाला तो जड जाई. 1980 मध्ये, हृदयाच्या रक्तवाहिनीत पहिला फुगा फुगवला गेल्याला तीनच वर्षे झाली असताना, त्याच झुरिक शहरातून सुपीरियर मेसेंटरिक आर्टरी या आतड्याच्या मुख्य रक्तवाहिनीच्या अँजिओप्लास्टीची, म्हणजे ती फुग्याने रुंद करण्याची, नोंद प्रसिद्ध झाली. या रक्तवाहिनीतील अरुंदपणा सहसा तिच्या मुखाशी असतो आणि तो महाधमनीच्या भिंतीतील थराचाच विस्तार असल्यामुळे फुगा काढताच मुख पुन्हा आवळले जाई. म्हणून 1990 च्या दशकात मुख उघडे धरून ठेवणाऱ्या जाळीच्या नळ्या, म्हणजे स्टेंट, आले, आणि नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच अमेरिकेत कॅथेटरने होणाऱ्या उपचारांची संख्या खुल्या शस्त्रक्रियांपुढे गेली.

उपचार सोपा झाला तसा एक जुना प्रश्न अधिक अवघड झाला. आतड्याला रक्त पुरवणाऱ्या तीन रक्तवाहिन्या जोडवाटांनी एकमेकींशी बांधलेल्या असतात. त्यामुळे तिन्हींपैकी किमान दोन अरुंद असल्याशिवाय लक्षणे उद्भवत नाहीत, असे शस्त्रक्रियेच्या काळात मानले जाई. धोका मोठा असताना हा नियम रुग्णाचे रक्षणच करत होता. मात्र पोटाची पूर्वीची शस्त्रक्रिया जोडवाटा तोडून गेली असेल, तर एकच सुपीरियर मेसेंटरिक आर्टरी बंद होणेही पुरेसे ठरते. याउलट, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सीटी स्कॅनमध्ये अनेक वृद्धांच्या रक्तवाहिन्या अरुंद दिसतात, पण त्यांचे पोट कधी दुखलेले नसते. चित्रात दिसणारा अरुंदपणा आणि रुग्णाला होणारा रक्ताभाव यांतील हे अंतर निःसंशय मोजून देणारी चाचणी अद्याप हाती नाही. परिणामी निदान 'निश्चित' झाल्याचे बहुतेकदा उपचारानंतर दुखणे थांबले तरच म्हटले जाते. म्हणजे व्याख्याच उपचाराच्या यशावर उभी राहते, आणि ज्यांना गुण आला नाही ते आजाराच्या यादीतूनच वगळले जातात. यशाचे आकडे वाचताना ही मेख फारशी लक्षात घेतली जात नाही. या आजाराच्या 'आतड्याचा अँजायना' (रक्त कमी पडल्याने होणारी वेदना) या नावानेही गोंधळात भर घातली आहे, कारण हृदयाच्या अँजायनासाठी परिश्रमाची चाचणी तरी असते.

तिन्हींपैकीच एक असलेल्या सिलिॲक रक्तवाहिनीबाबत हा वाद आणखी तीव्र होतो. श्वासपटलाचा कमानीसारखा बंध तिला बाहेरून दाबत असेल, तर आत बसवलेला स्टेंट चेपला जातो किंवा मोडतो. तेथे आधी दुर्बिणीतून तो बंध सोडवणे हेच योग्य, असे आता सर्वसाधारणपणे मानले जाते. सिलिॲक आणि सुपीरियर मेसेंटरिक या दोन्ही रक्तवाहिन्या अरुंद असताना एकीत स्टेंट पुरेसा की दोहोंत हवा, यावर मात्र एकमत नाही. बहुतेकांचा पहिला कल सुपीरियर मेसेंटरिककडेच असतो.

अलीकडचा खरा बदल स्टेंटच्या प्रकारात झाला आहे. साध्या जाळीदार स्टेंटमध्ये रक्तवाहिनी पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण मोठे होते. आवरण असलेले स्टेंट अधिक टिकतात, ही आधी केवळ मागे वळून पाहणाऱ्या नोंदींवर बेतलेली समजूत होती. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच यादृच्छिक चाचणीत दोन वर्षांनंतर आवरणयुक्त स्टेंटपैकी 81 टक्के, तर साध्यांपैकी 49 टक्के स्टेंट आणखी हस्तक्षेप न करता खुले राहिल्याचे आढळले. तरीही पाठपुरावा टळत नाही, आणि त्यातही सावधगिरी लागते: स्टेंट नसलेल्या सुपीरियर मेसेंटरिक आर्टरीत डॉपलरवर (रक्ताचा वेग मोजणाऱ्या सोनोग्राफीवर) सेकंदाला 275 सेंटिमीटरहून अधिक कमाल वेग हा मोठ्या अरुंदपणाचा निकष मानला जातो, पण स्टेंट बसवलेल्या रक्तवाहिनीत मुख खुले असतानाही वेग वाढलेला दिसत असल्यामुळे तोच आकडा तेथे जसाच्या तसा लावता येत नाही.