पीएचपीची सुरुवात : कोड नेमका चालतो कुठे?

एचटीएमएलच्या फाइलवर डबल क्लिक केलं की ब्राउझरमध्ये पान दिसतं. त्याच सवयीने पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतली फाइल उघडली, तर पानाऐवजी कोडच समोर येतो किंवा फाइल एखाद्या एडिटरमध्ये उघडते. कोडमध्ये चूक नसते. ब्राउझरला पीएचपी कळतच नाही. हा कोड सर्व्हरवर, म्हणजे पान पुरवणाऱ्या संगणकावर चालतो, त्यातून एचटीएमएल तयार होतं आणि तेवढंच ब्राउझरकडे जातं. पानाचा सोर्स उघडून पाहिला तरी पीएचपीची एकही ओळ सापडत नाही. म्हणूनच डेटाबेसचा पासवर्ड सर्व्हरकडच्या कोडमध्ये राहू शकतो. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये तो कधीही लिहू नये.

रास्मुस लेर्डॉर्फ यांनी १९९५ मध्ये पीएचपी सर्वांसाठी खुली केली. सर्व्हरवरचं हेच काम पायथन ही भाषा किंवा नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) वापरूनही होतं, पण नवशिक्याने पीएचपीपासून सुरुवात करावी असं आम्हाला वाटतं, कारण एचटीएमएलच्या मधोमध दोन ओळी लिहून लगेच परिणाम पाहता येतो.

त्यासाठी अपाचे हे वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर बसवण्याची घाई नको. २०१२ साली आलेल्या ५.४ आवृत्तीपासून पीएचपीबरोबरच एक छोटा सर्व्हर मिळतो. टर्मिनलमधून आपल्या फोल्डरमध्ये जा आणि पीएचपी, डॅश एस, लोकलहोस्ट कोलन ८००० अशी कमांड द्या. यातला एस कॅपिटलच हवा, स्मॉल लिहिला तर सर्व्हर सुरू होत नाही. पोर्ट, म्हणजे कमांडमधला ८००० हा क्रमांक, आधीच वापरात असल्याची तक्रार आली तर ८००१ घ्या. हा सर्व्हर फक्त शिकण्यासाठी आणि चाचणीसाठी आहे; खरी साइट त्यावर चालवू नये.

पहिला प्रयोग म्हणून पानावर सध्याची वेळ छापा. सेकंद पुढे सरकत नाहीत, रीलोड केल्यावरच वेळ बदलते. इथे सगळी गोम आहे. प्रत्येक विनंतीला स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून चालते, उत्तर देते आणि संपते. तिच्यातले व्हेरिएबलही तिच्याबरोबर जातात. लॉगिन पुढच्या पानावर लक्षात राहावं म्हणून सेशन (दोन विनंत्यांमध्ये माहिती जपून ठेवण्याची सोय) लागतं ते यामुळेच. वेळ काही तासांनी चुकीची दिसली तर टाइमझोन तपासा. तो ठरवून दिला नसेल तर पीएचपी यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ धरते.

मग फॉर्म. इथे हमखास होणारी चूक म्हणजे इनपुटला आयडी दिला जातो, पण नेम द्यायचं राहतं. ब्राउझर माहिती पाठवतो ती नेमच्या आधारे. नेम नसेल तर सर्व्हरला त्या रकान्यातला मजकूर मिळतच नाही. आलेला मजकूर पानावर छापताना एचटीएमएलस्पेशलकॅर्स या फंक्शनमधून काढा, नाहीतर कुणी नावाच्या जागी स्क्रिप्ट टॅग लिहिला तर तो वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालेल. डेटाबेसला प्रश्न विचारताना आलेला मजकूर क्वेरीत (त्या प्रश्नाच्या ओळीत) जोडू नका, प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा, म्हणजे क्वेरी आणि मजकूर वेगवेगळे पाठवा. ब्राउझरमध्ये लावलेली तपासणी कुणालाही सहज टाळता येते, त्यामुळे तीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा केलीच पाहिजे.

मराठी मजकुराची लांबी मोजताना आणखी एक अडचण येते. ‘मराठी’ हा शब्द स्ट्रलेन फंक्शनला दिला तर उत्तर येतं १५, कारण ते बाइट मोजतं आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. एमबी स्ट्रलेन ५ सांगतं, कारण काना आणि वेलांटी वेगळी चिन्हं धरली जातात. डोळ्यांना दिसणारी ३ अक्षरं हवी असतील तर पीएचपीच्या इंटल या जोडभागातलं (एक्स्टेन्शन) ग्राफीम स्ट्रलेन वापरावं लागतं. नावाला वीस अक्षरांची मर्यादा घालताना हे विसरलं, तर साधी मराठी नावं नाकारली जातात.

हेडर (पानाच्या मजकुराआधी ब्राउझरला जाणारी माहिती) आधीच पाठवल्याची तक्रार आली, तर पीएचपीच्या सुरुवातीच्या टॅगच्या वर रिकामी ओळ राहिली आहे का ते आधी पाहा. ती ओळही पानाचा मजकूरच ठरते, आणि मजकूर जायला लागला की कुकी किंवा रीडायरेक्टचा (दुसऱ्या पानावर नेण्याचा) हेडर पाठवता येत नाही. पान नुसतंच पांढरं दिसलं तर एरर लॉग, म्हणजे चुकांची नोंद असलेली फाइल उघडा. कोणत्या फाइलमध्ये कितव्या ओळीवर घोडं अडलंय ते बहुतेक वेळा तिथे लिहिलेलं असतं.