क्रियापद कोणाच्या मागे गेलं?

'तिमाही अहवाल लेखा विभागाने सर्व शाखांच्या तक्रारींसह मुख्य कार्यालयाला पाठवल्या.' इथे सगळे शब्द शुद्ध आहेत, त्यामुळे एकेक शब्द तपासणारं सॉफ्टवेअर काही बोलत नाही. पाठवला गेला तो अहवाल, पण क्रियापद मध्ये आलेल्या 'तक्रारीं'च्या मागे गेलं.

ही चूक अडाणीपणाची नव्हे. कॅथरीन बॉक आणि कॅरल मिलर या संशोधकांनी 1991मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रजी भाषकांना अर्धवट वाक्यं पूर्ण करायला दिली. 'कपाटांची किल्ली' अशा रचनेत इंग्रजीत किल्ली आधी येते आणि कपाटं क्रियापदाला खेटून. लोक अधूनमधून क्रियापद अनेकवचनी करून बसत. किल्ल्या अनेक आणि कपाट एक असेल, तर मात्र ही गफलत क्वचितच होई.

मराठीत हा धोका वेगळ्या वाटेने येतो. क्रियापद शेवटी, आणि कर्मणी प्रयोगात ते कर्माप्रमाणे बदलतं. कर्म आणि क्रियापद यांच्यामध्ये सात-आठ शब्द कोंबले की लिहिणाऱ्याची पकड सुटते. वाचणाराही अडखळतो: रचना बिघडली की साधारण 600 मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युतलहरींत एक चढ दिसतो. 'पी600' नावाचा हा चढ म्हणजे वाक्य पुन्हा जुळवण्याची खटपट, असं अनेक संशोधक मानतात.

उपाय साधा. क्रियापदावर बोट ठेवा, 'काय पाठवलं?' असं विचारा आणि मधलं सगळं वगळून दोनच शब्द वाचा: अहवाल पाठवल्या? कान लगेच टोकतो. मग मधला मजकूर वाक्याच्या सुरुवातीला घ्या: 'सर्व शाखांच्या तक्रारींसह लेखा विभागाने मुख्य कार्यालयाला तिमाही अहवाल पाठवला.'

याहून छुपी चूक सामान्यरूपाची, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं जे रूप बदलतं त्याची. 'जुन्या ग्राहकांच्या तक्रारी' यात जुनं कोण? 'ग्राहकांच्या'मुळेही 'जुन्या' होतं आणि 'तक्रारी'मुळेही. 'ग्राहकांच्या जुन्या तक्रारी' किंवा 'जुन्या ग्राहकांनी केलेल्या तक्रारी' असं लिहिलं की प्रश्न मिटतो. ऱ्हस्व-दीर्घावरून वाद घालणाऱ्यांनी या 'जुन्या'कडे आधी पाहावं. चुकलेल्या वेलांटीने अर्थ क्वचित बदलतो, इथे मात्र भलतीच फाइल उघडली जाते.

सर्वनामांचंही तेच. 'संचालकांनी व्यवस्थापकांना त्यांचा राजीनामा मंजूर झाल्याचे कळवले.' राजीनामा कोणाचा? अशा जागी पदनाम पुन्हा लिहावं, कानाला खटकलं तरी.