इन्स्पायर अवॉर्ड्स-मानक : नामांकन कसं करायचं, काय लागतं आणि कल्पना कशी लिहायची

नामांकनाचे दिवस आले की शाळेत पहिला प्रश्न हमखास हा येतो : "मॉडेल कधीपर्यंत तयार करायचं?" नामांकनाच्या वेळी मॉडेल लागतच नाही. लागते ती कल्पना, विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहिलेली. ती निवडली गेली की केंद्र सरकार १०,००० रुपये थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा करतं आणि मॉडेल त्यानंतर, त्याच पैशांतून बनतं. हा क्रम माहीत नसल्यामुळे "आपल्याला एवढा खर्च झेपायचा नाही" असं म्हणून कितीतरी हुशार मुलं हातच वर करत नाहीत. म्हणून हे आधी सांगून टाकलं.

योजना आहे केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची, म्हणजे डीएसटीची. मुलांना विज्ञानाकडे ओढणारा इन्स्पायर हा मूळ कार्यक्रम २००८ साली सुरू झाला. शालेय पुरस्कारांना मानक (मिलियन माइंड्स ऑगमेंटिंग नॅशनल अ‍ॅस्पिरेशन्स अँड नॉलेज या नावाचं लघुरूप) हे आजचं रूप २०१६ मध्ये मिळालं आणि तेव्हापासून अंमलबजावणीत गांधीनगरचं राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान डीएसटीच्या बरोबरीने आहे. संशोधनावरचा सरकारी पैसा बहुतेक करून विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत जातो. त्यातला थोडा वाटा सहावीतल्या मुलाच्या पासबुकापर्यंत पोहोचवणारी ही योजना आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. उद्दिष्ट देशभरातून १० लाख कल्पना गोळा करण्याचं आहे. त्यातल्या १ लाखापर्यंत कल्पनांना ही रक्कम मिळते. जिल्हा प्रदर्शनांतून सुमारे १०,००० प्रकल्प राज्य पातळीवर, तिथून १,००० राष्ट्रीय पातळीवर आणि शेवटी ६० प्रकल्प राष्ट्रीय पुरस्कारासाठी निवडले जातात.

कोण पात्र आहे

मान्यताप्राप्त शाळेतली सहावी ते बारावीची मुलं, वय १० ते १७. शाळा जिल्हा परिषदेची असो, अनुदानित असो की खासगी, आणि मंडळ राज्याचं असो की केंद्राचं, फरक पडत नाही. गुणांची टक्केवारी किंवा उत्पन्नाची मर्यादा अशी अटच नाही. वर्गात मागच्या बाकावर बसणारा पण घरी पंप दुरुस्त करणारा मुलगा इथे पहिल्या नंबरवाल्याइतकाच पात्र आहे, हे शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावं. अर्जाला शुल्क नाही. "नामांकन करून देतो, एवढे द्या" असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

विद्यार्थी किंवा पालक यांना स्वतः अर्ज करता येत नाही, नामांकन शाळाच करते. एका शाळेला पाच विद्यार्थ्यांपर्यंत नावं पाठवता येतात. त्यासाठी शाळेने आधी अंतर्गत कल्पना स्पर्धा घ्यायची असते आणि तिच्यातून निवड करायची असते. ही स्पर्धा कागदोपत्री उरकू नका. सगळ्या वर्गांत एक तास द्या, मुलांना घरातली, शेतातली, रस्त्यावरची एक अडचण लिहायला सांगा आणि ते कागद वाचा. पाच नावं आपोआप वर येतील.

तालुका आणि जिल्हा पातळीवरचं नेहमीचं शालेय विज्ञान प्रदर्शन वेगळं आणि हे वेगळं. तिथे भाग घेतला म्हणून इथे नामांकन होत नाही.

शाळेची नोंदणी आणि लॉगिन

सगळं काम डीएसटीच्या इन्स्पायर अवॉर्ड्स-मानक पोर्टलवर ऑनलाइन चालतं. शाळेची पूर्वी कधीच नोंदणी झाली नसेल तर एकदाच करायची नोंदणी आधी पूर्ण करा. शाळेचं नाव, पत्ता, मुख्याध्यापकांचा तपशील, मोबाइल आणि ईमेल भरून ती जिल्ह्याच्या शिक्षण विभागाकडे ऑनलाइन जाते. तिथून मंजुरी मिळाल्यावर युजर आयडी आणि पासवर्ड येतो. यूडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, हाताशी ठेवा.

नोंदणी आधीच झालेली असेल तर अडचण वेगळीच निघते. लॉगिन निवृत्त झालेल्या मुख्याध्यापकांच्या खासगी ईमेलवर असतं, तो मोबाइल नंबर बंद असतो आणि पासवर्ड कुणालाच ठाऊक नसतो. हे शेवटच्या आठवड्यात कळलं तर ते वर्ष हातचं जातं. शाळा सुरू झाल्याबरोबर एकदा लॉगिन करून पाहा. होत नसेल तर जिल्हा कार्यालयातल्या विज्ञान विषयाच्या अधिकाऱ्यांकडून तपशील बदलून घ्या आणि यापुढे शाळेच्याच नावाचा ईमेल द्या. नामांकन साधारण जूनच्या सुमारास सुरू होऊन सप्टेंबरपर्यंत चालतं, पण त्या वर्षीची पोर्टलवरची तारीख हीच खरी.

कागदपत्रं, आणि त्यातलं बँक खातं

विद्यार्थ्याचं नाव, पालकांचं नाव, इयत्ता, जन्मतारीख, प्रवर्ग, आधार क्रमांक, संपर्क क्रमांक, मार्गदर्शक शिक्षकांचं नाव, बँक खात्याचा तपशील, प्रकल्पाचं शीर्षक आणि कल्पनेचं टिपण, एवढी माहिती तयार असली की फॉर्म भरायला वेळ लागत नाही. नामांकन एकेका विद्यार्थ्याच्या नावाने होतं, गटाच्या नावाने नाही.

घोळ होतो तो बँक खात्यात. पोषण आहाराच्या किंवा शिष्यवृत्तीच्या वेळी काढलेलं खातं पुढे कुणी वापरत नाही. बराच काळ व्यवहार झाला नाही तर असं खातं निष्क्रिय झालेलं निघू शकतं. तेव्हा नामांकनाआधी त्या खात्यात पन्नास-शंभर रुपये भरून पासबुक छापून घ्या आणि खातं जिवंत आहे की नाही हे शाखेत विचारून घ्या. खातं निष्क्रिय निघालं तर केवायसीची कागदपत्रं देऊन ते पुन्हा सुरू करून घ्या. आधारवरचं नाव, शाळेच्या दाखल्यावरचं नाव आणि पासबुकातलं नाव शेजारी शेजारी ठेवून वाचा. एकीकडे वडिलांचं नाव मध्ये आणि दुसरीकडे आडनाव आधी, एवढ्या फरकानेही पैसे अडकू शकतात. आयएफएससी कोड जुन्या पासबुकावरून उतरवू नका. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेली, सिंडिकेट बँक २०२० मध्ये कॅनरात गेली आणि विदर्भ कोकण ग्रामीण बँक मे २०२५ मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. अशा शाखांचे कोड शाखेतच जाऊन विचारा. खातं नसेल तर ते उघडायला वयाची अडचण नाही, अठराखालच्या मुलांचीही बचत खाती बँका उघडतात.

कल्पना कशी लिहायची

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कल्पना पाच कसोट्यांवर तपासतात : नावीन्य, समाजाला उपयोग, पर्यावरणाला पूरकता, वापरायला सोपेपणा आणि आज बाजारात जे मिळतं त्यापेक्षा सरसपणा. ज्वालामुखीचं मॉडेल, पवनचक्कीची प्रतिकृती, पर्जन्यजल संधारणाचा तक्ता हे सगळं शिकवायला उत्तम, पण त्यात नवीन काही नाही, म्हणून ते इथे टिकत नाही. यूट्यूबवरून उचललेली "स्मार्ट" काठी किंवा "स्मार्ट" कचरापेटी परीक्षकांच्या पुढ्यात दरवर्षी ढिगाने येत असणार.

समजा, नाशिककडची एखादी मुलगी लिहिते : "कांदा सडतो, म्हणून सेन्सर लावून कांदा वाचवणारं यंत्र." यातून काहीच कळत नाही. तिला चार प्रश्न विचारा. नेमकं काय पाहिलंस? कांदा साठवायच्या चाळीत तो बाहेरून चांगला दिसतो, सड आत धरते आणि वास सुटेपर्यंत किंवा खालून पाणी गळेपर्यंत पत्ता लागत नाही. घरचे आज काय करतात? सगळी चाळ उपसून निवडतात, मजुरी जाते आणि चांगल्या कांद्यालाही मार लागतो. तू काय वेगळं करशील? कांदा भरतानाच ढिगातून भोकं पाडलेला पाइप आडवा ठेवीन आणि दोरीला बांधलेला उष्णता आणि आर्द्रता मोजणारा एकच सेन्सर त्यातून ओढत नेईन. त्यामुळे काय साधेल? कुठल्या भागात उष्णता वाढली ते कळेल, तेवढाच भाग उपसावा लागेल आणि जागोजागी सेन्सर बसवायचा खर्च वाचेल. या चार उत्तरांतच सगळं टिपण आलं. सोबत हाताने काढलेली आकृती जोडा, पाइप, दोरी, सेन्सर यांना नावं द्या. हे उदाहरण फक्त पद्धत दाखवायला दिलं आहे. तुमच्या मुलांनी ते उचलू नये, त्यांच्या आसपासच्या अडचणी त्यांनाच दिसतात.

भाषेची भीती बाळगू नका. कल्पना मराठीतही पाठवता येते, आणि मूल जी भाषा बोलतं तिच्यातच ती स्पष्ट उतरते. शिक्षकांनी शुद्धलेखन पाहावं, आकृती नीट करून घ्यावी, पण वाक्यं मुलाचीच राहू द्यावीत. पुढे प्रदर्शनात उत्तरं त्यालाच द्यायची आहेत.

निवड झाल्यावर

टिपण सादर केल्यावर नामांकन जिल्हा आणि राज्य पातळीवरून डीएसटीकडे जातं आणि स्थिती शाळेच्या लॉगिनमध्ये दिसते. फॉर्म अर्धवट जतन झाला आहे की खरोखर पुढे पाठवला आहे, हे त्याच दिवशी पाहा. जतन केलेला फॉर्म म्हणजे पाठवलेला फॉर्म नव्हे.

रक्कम जमा झाली की ती प्रकल्पासाठीच वापरायची आणि जिल्हा प्रदर्शनात तयार प्रकल्प मांडायचा. बाजारातून बनवून आणलेलं चकचकीत मॉडेल परीक्षकांच्या दुसऱ्या प्रश्नालाच उघडं पडतं. मुलाने स्वतः जोडलेला, एखादी वायर लोंबणारा पण चालणारा प्रकल्प मला केव्हाही जास्त भरवशाचा वाटतो. खर्चाच्या पावत्या आणि बनवताना काढलेले फोटो एका वहीत चिकटवून ठेवा, कारण प्रयोग फसला तेव्हा काय बदललं हे सांगताना मुलाला त्यांचाच आधार मिळतो. प्रदर्शनाच्या दिवशी पालकांनी आणि शिक्षकांनी टेबलापासून लांब उभं राहावं, मुलाच्या आधी उत्तर देऊ नये.

राष्ट्रीय पातळीपर्यंत पोहोचलेल्या प्रकल्पांना नवप्रवर्तन प्रतिष्ठान तांत्रिक संस्थांच्या मदतीने सुधारित नमुना बनवायला मार्गदर्शन करतं. कल्पना खरोखर नवी असेल तर पेटंटचाही विचार होऊ शकतो, आणि पेटंटसाठी ती आधी जगजाहीर झालेली नसावी लागते. त्यामुळे आतली रचना उलगडून दाखवणारा व्हिडिओ कौतुकापोटी समाजमाध्यमांवर टाकण्याआधी मार्गदर्शकांशी बोलून घ्या.